महाबळेश्वर, पाचगणी, तापोळ्यात बसायची सोय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा-वाईकडे राहणाऱ्या माणसाला पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचे फोन येतात ते दोनच गोष्टींसाठी: कासला फुलं आली का, आणि महाबळेश्वरला संध्याकाळी दारू प्यायला बसायची सोय काय. पहिल्याचं उत्तर पावसाच्या हातात असतं. दुसऱ्याचं इथे लिहून ठेवलंय, म्हणजे दर शुक्रवारी तेच सांगत बसायला नको. हॉटेलांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. मालक बदलतात, आचारी बदलतात, आणि गेल्या हंगामात बरं असलेलं ठिकाण या हंगामात नुसतं महाग होऊन बसतं. कुठल्या भागात काय मिळतं, कायदा कुठे आडवा येतो आणि रात्री खोलीवर परत कसं जायचं, यात मात्र वर्षानुवर्षं फारसा फरक पडत नाही.

वेण्णा तलावाच्या काठावर बसून पिता येतं का?

नाही. काठावर मिळतात ती कॉर्न पॅटिस, मॅगी, गरम भजी, स्ट्रॉबेरी क्रीम आणि घोड्यावरची रपेट. समोर पाणी, हातात ग्लास आणि मावळतीचा सूर्य असं चित्र डोक्यात घेऊन येणारे बरेच असतात. त्यांची पहिल्याच संध्याकाळी निराशा होते.

हा तलाव १८४२ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांनी बांधून घेतला. आज तिथे नगरपरिषदेचा बोट क्लब चालतो, पण तलावाचं खरं काम वेगळंच आहे. महाबळेश्वर आणि पाचगणी, दोन्ही गावांच्या नळाला इथलं पाणी येतं. म्हणजे तुम्ही काठावरून भिरकावलेली बाटली ज्या पाण्यात पडते, तेच पाणी संध्याकाळी तुमच्या पेगमध्ये मिसळायला येणार. शिवाय महाबळेश्वर-पाचगणीचा सगळा टापू जानेवारी २००१ पासून केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केलेला आहे. त्यामुळे उद्या कुणी काठावर नवा बार उभा करील अशी आशाही धरू नका.

काठाजवळ गाडी लावून, काचा वर करून बसलो तर?

रस्त्याकडेला उभी केलेली गाडी म्हणजे तुमची खोली नव्हे. पोलिसांची गस्त असते, हंगामात जास्तच असते, आणि डॅशबोर्डवर ठेवलेला ग्लास टॉर्चच्या उजेडात लगेच दिसतो. हेच सगळ्या पॉइंटांना लागू. मुंबई पॉइंट, केट्स पॉइंट, विल्सन पॉइंट इथे तर माकडंही आहेत. ती आधी वेफर्सची पिशवी ओढतात, मग बाकीचं सामान विखरून ठेवतात.

मग महाबळेश्वरात बार आहेत तरी कुठे?

बाजारपेठेत आणि हॉटेलांत. एसटी स्टँडपासून डॉ. साबणे रोडने चालायला लागलं, की चपला, चणे, चिक्की आणि जॅमच्या दुकानांमधून अधूनमधून परमिट रूमचे बोर्ड दिसतात. बरेचसे पहिल्या मजल्यावर नाहीतर गल्लीत आत. बाहेरून दिसायला साधे, आत लाल दिवे, भिंतीवर टीव्ही, मेनूत पनीर चिलीपासून सुरमईपर्यंत सगळं. पाहुण्यांना ही ठिकाणं कळकट वाटतात, पण गावातले दुकानदार, टॅक्सीवाले आणि हॉटेलांतली कामगार मंडळी तिथेच बसतात. जेवण गरम मिळतं आणि बिल बघून घाम फुटत नाही. माझं मत विचाराल तर पहिली संध्याकाळ इथेच घालवावी.

दुसरा प्रकार म्हणजे मोठ्या हॉटेल-रिसॉर्टचे स्वतःचे बार. दरीकडे तोंड करून बसायची सोय असेल तर इथेच. बाहेरच्या माणसालाही बसू देतात, पण सुट्टीच्या दिवसांत आधी राहणाऱ्या पाहुण्यांना जागा. फोन करून जावं. जाताना एक गोष्ट लक्षात ठेवा: ‘व्ह्यू’चे पैसे मोजायचे असतील तर सूर्य मावळण्याआधी पोचा. साडेसातनंतर दरी म्हणजे नुसता काळोख, आणि त्या काळोखासाठी दुप्पट भाव देण्यात काही अर्थ नाही.

तिसरा प्रकार जुन्या क्लबचा. इंग्रजांच्या काळात, १८८१ साली सुरू झालेला महाबळेश्वर क्लब अजून आहे. पण तो सभासदांचा. तुमच्या शहरातल्या क्लबशी त्यांचा करार असेल किंवा कुणी सभासद तुम्हाला पाहुणा म्हणून नेत असेल, तरच आत जाता येईल. दारावर जाऊन विनंती करण्यात वेळ घालवू नये.

आणि हो, महाबळेश्वरात शुद्ध शाकाहारी, त्यातही जैन जेवण देणारी हॉटेलं पुष्कळ आहेत. यातल्या बऱ्याच ठिकाणी दारू मिळत नाही आणि खोलीत नेलेलीही चालत नाही. बुकिंग करतानाच विचारून घ्या. खोलीवर पोचल्यावर रिसेप्शनवरच्या पोराशी वाद घालून उपयोग नसतो. नियम त्याने केलेला नाही.

पाचगणीत काय परिस्थिती?

महाबळेश्वरपेक्षा मोजकी. पाचगणी हे शाळांचं गाव, निवासी शाळा कोपऱ्याकोपऱ्यावर. परवान्याची जागा शाळा आणि देवळांपासून किमान ७५ मीटर लांब असावी लागते. पाचगणीचा नकाशा बघितला तर किती जागा उरते ते कळेल. बाजारात आणि काही हॉटेलांत सोय आहे. टेबललँडवर मात्र काहीही घेऊन जाऊ नका.

वाईत?

वाई हे घाट आणि देवळांचं गाव. गणपती घाटावर संध्याकाळी बसा, पण नुसतं बसा. मेणवलीला आणि धोम धरणाच्या पाण्याकाठीही तेच. गावाबाहेर परमिट रूम आहेत, पण पाहुण्याने मुद्दाम वाट वाकडी करावी असं त्यांत काही नाही.

तापोळ्याला तलावाकाठी तंबूत राहणार आहोत. तिथे चालतं ना?

हा सध्याचा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तापोळा महाबळेश्वरपासून पंचवीस-तीस किलोमीटर खाली, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठावर. धरणाची साठवण सुमारे १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट. त्याचं पाणी डोंगरांच्या बेचक्यांत लांबवर पसरलेलं आहे आणि कोयना, सोळशी, कांदाटी या नद्या तिथे एकत्र येतात. कुणी त्याला मिनी काश्मीर म्हणतं. मला ते नाव कधी पटलं नाही. सह्याद्री सह्याद्रीसारखाच दिसतो आणि तेवढं पुरे आहे.

काठावर गेल्या काही वर्षांत कृषी पर्यटन केंद्रं आणि तंबूंच्या वस्त्या वाढल्या. यातल्या बहुतेकांकडे दारू विकायचा किंवा पाजायचा परवाना नसतो. ‘तुमची तुम्ही आणा, ग्लास-बर्फ-सोडा आम्ही देतो’ असं फोनवर सांगतात. हे ऐकायला सोयीचं असलं तरी कायद्याने अडचणीचं आहे. परवाना नसलेल्या जागी लोकांना बसवून दारू पिऊ देणं हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाच्या कलम ६८ खाली जागामालकाचा गुन्हा, आणि तिथे बसून पिणाऱ्यावर कलम ८४ लागतं. राज्य उत्पादन शुल्क विभाग ढाब्यांवर धाडी घालतो तेव्हा मालकाबरोबर टेबलावरच्या गिऱ्हाइकांचीही नावं लिहून घेतो, ती याच कलमाखाली. तंबूला वेगळा न्याय नाही.

ज्यांना जायचंच आहे त्यांनी परवाना असलेलं रिसॉर्ट शोधावं. तसं फारच थोड्या ठिकाणी असतं. नाहीतर तापोळ्याची रात्र कोरडी ठरवून जावं. जलाशयातला मासा, नाचणीची भाकरी, आणि आभाळ स्वच्छ असेल तर शहरात कधीच न दिसणारे तारे. ज्यांना एवढ्यावर भागणार नाही त्यांनी महाबळेश्वरातच मुक्काम करून तापोळ्याला दिवसा जावं.

बोटीत बीअर नेली तर कोण बघतंय?

बोटवाला बघतो. आणि तो बोट मध्यातून मागे फिरवू शकतो, त्याचा तो हक्कच आहे. शिवसागरचं पाणी काठापासूनच भराभर खोल होत जातं, कारण मुळात ती बुडालेली दरी आहे. पायाखाली उतरता किनारा नाही. खाली जुन्या शेतांचे बांध, झाडांचे बुंधे, गाळ. प्यायलेल्या माणसाला आपण चांगलं पोहतो असं वाटतं, हात मात्र लवकर थकतात. लाइफ जॅकेट काढून फोटो काढणाऱ्यांना बोटवाले ओरडतात ते उगाच नाही.

वासोटा, प्रतापगड किंवा कासला सोबत थोडी घेतली तर?

वासोट्याला जायचं तर बामणोलीहून बोट आणि वनखात्याची परवानगी. सगळा भाग कोयना अभयारण्याचा, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलेला. पिशव्या तपासल्या जातात. किल्ल्यांवर दारू पिणं हा गुन्हा आहेच, पण प्रतापगडावर पोलिसांच्या आधी गावकरी आणि दुर्गप्रेमी पोरं तुमच्याशी बोलतील, आणि ते बोलणं फार सौम्य नसेल. कास पठार २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि शेजारचा कास तलाव सातारा शहराचं पाणी आहे. तिन्ही ठिकाणी उत्तर एकच: नको.

वयाची अट काय? परमिट लागतंच का?

बीअर आणि वाइनसाठी २१ वर्षं पूर्ण, व्हिस्की-रम-व्होडकासारख्या बाकी सगळ्याला २५. पुण्याच्या कॉलेजातली पोरं इथे येऊन ‘आम्ही अठराच्या वर आहोत’ म्हणतात. ते मतदानाला चालतं.

परमिट कायद्याने लागतं. १९४९ चा दारूबंदीचा कायदा राज्यात अजून लागू आहे आणि त्यात दारू पिणं ही परवाना काढून करायची गोष्ट आहे. विदेशी दारूसाठी एक दिवसाचं परमिट ५ रुपये, वर्षाचं १०० आणि आयुष्यभराचं १,०००. ‘विदेशी’ म्हणजे इथे बनलेली व्हिस्कीसुद्धा, सरकारी भाषेत ती भारतीय बनावटीची विदेशी दारू. बहुतेक बारमध्ये कुणी परमिट मागत नाही, आणि त्यांच्या वहीत एक दिवसाचं परमिट फाडल्याची नोंद आपोआप होत असते. पण नाकाबंदीत गाडीत बाटल्या सापडल्या तर पहिला प्रश्न परमिटचाच येतो. दरवर्षी फिरायला येणाऱ्याने हजार रुपये एकदा भरून मोकळं व्हावं. अर्ज ऑनलाइन होतो.

वाईन शॉप, बीअर शॉपी आणि परमिट रूम यांत फरक काय?

वाईन शॉपमध्ये सगळं बाटलीबंद मिळतं, वाइनसुद्धा कधीकधी. बीअर शॉपीत बीअर आणि वाइन. दोन्हीकडे घ्यायचं आणि जायचं. दुकानाच्या मागे उभं राहून संपवायची पद्धत सगळीकडे दिसते, पण ती पद्धत आहे, परवानगी नाही. बसून प्यायचं ते परमिट रूममध्येच. देशी दारूचं दुकान हा चौथा प्रकार. पर्यटकाला तिथे काही काम नसतं.

भाव किती? बिल जास्त का येतं?

दुकानात छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त द्यायचा नाही. ‘थंड बीअरचे दहा जास्त’ हा प्रकार हंगामात सर्रास चालतो आणि तो बेकायदा आहे. पावती मागितली की बऱ्याचदा ते दहा रुपये गायब होतात. नाही झाले तर वैध मापन शास्त्र विभागाकडे तक्रार करता येते.

बारमध्ये हा हिशोब नाही. तिथे जागा, नोकर, बर्फ, लाइट सगळं पेगमध्ये धरलेलं असतं. त्यावर परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के झाला. २०२५ मध्ये राज्याने उत्पादन शुल्कही बरंच वाढवलं. विदेशी दारूची १८० मिलीची क्वार्टर, जी आधी दीडशेच्या आत येत होती, तिची किमान किंमत २०५ रुपयांवर गेली. त्या वर्षी जुलैत राज्यभरातल्या बारवाल्यांनी एक दिवस बंद पाळला तो या सगळ्यामुळेच. जेवणावर जीएसटी वेगळा लागतो, दारूवर नाही, म्हणून बिलात दोन वेगळे भाग असतात. दोन्ही तपासून घ्या. सेवा शुल्क लावलं असेल तर ते द्यायची सक्ती नाही.

बाटली खरी आहे हे कसं ओळखायचं?

पेग मागवण्यापेक्षा चौघांत हाफ किंवा खंबा, म्हणजे अर्धी किंवा पूर्ण बाटली मागवा आणि सील टेबलावर, तुमच्यासमोर फोडायला सांगा. चांगला वेटर स्वतःहून तसंच करतो. एवढी काळजी पुरते.

गावाकडची हातभट्टी चाखायला मिळेल का? अनुभव म्हणून?

हा अनुभव घेऊ नका. गूळ, नवसागर आणि काय काय घालून लपूनछपून काढलेल्या दारूत नेमकं काय उतरलंय हे काढणाऱ्यालाही माहीत नसतं. त्यात मिथेनॉल असेल तर शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं. आधी नजर जाते, मग जीव. मुंबईतल्या मालवणीत जून २०१५ मध्ये शंभरावर माणसं गेली ती अशाच दारूने. वास, रंग, चव यांवरून मिथेनॉल ओळखता येत नाही. पेटवून निळी ज्योत बघण्याची युक्ती सांगणारे भेटतील. त्यांचंही ऐकू नका.

बार किती वाजेपर्यंत उघडे असतात?

मुंबईची सवय घेऊन येऊ नका. इथे साडेदहा वाजता शेवटची ऑर्डर विचारायला लागतात आणि अकराच्या पुढे बाजार सामसूम होतो. हॉटेलातल्या बारला थोडी सवलत मिळते, ती राहणाऱ्या पाहुण्यांपुरती धरा. पाऊस असला की याहूनही आधी. मला स्वतःला हे आवडतं. लवकर झोपलेला माणूस विल्सन पॉइंटचा सूर्योदय बघतो.

ड्राय डे कोणते?

२६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे नक्की. आषाढी-कार्तिकी एकादशी आणि अनंत चतुर्दशीही लक्षात ठेवा. निवडणूक असेल तर मतदान संपायच्या आधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवस. यात लोक फसतात ते स्थानिक निवडणुकांमुळे: नगरपरिषदेचं मतदान असतं, पुण्यात कुणाला पत्ताही नसतो आणि शनिवारी महाबळेश्वरात येऊन बघतात तर सगळ्या शटरला कुलूप. याशिवाय यात्रा-उत्सव किंवा बंदोबस्त असला की जिल्हाधिकारी त्या त्या गावापुरता आदेश काढतात. महाशिवरात्रीच्या सुमारास क्षेत्र महाबळेश्वरला, म्हणजे जुन्या महाबळेश्वरला, यायचं असेल तर हॉटेलवाल्याला आधी फोन करा. आणि एरवीही तिथे, कृष्णामाईच्या आणि पंचगंगेच्या देवळांच्या आसपास, ही चौकशीही करू नये.

३१ डिसेंबरला काय?

गर्दी. नाताळच्या दोन रात्री आणि ३१ डिसेंबरला सरकार दरवर्षी बारची वेळ वाढवून देतं, पण स्पीकरची वेळ वाढली तरी मध्यरात्रीपर्यंतच. बाकी रात्री दहालाच आवाज बंद. त्या आठवड्यात खोलीचे भाव ऐकूनच उतरते. पसरणी घाटात आणि केळघर घाटात नाकाबंदी असते. ज्यांना नवीन वर्ष शांतपणे सुरू करायचंय त्यांनी ३ किंवा ४ जानेवारीला यावं. थंडी तीच, स्ट्रॉबेरी जास्त गोड, आणि वेटरला तुमच्याशी बोलायला सवड असते.

बारमधून हॉटेलवर परत कसं जायचं?

या सगळ्या पानात एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

महाबळेश्वरात रात्री ॲपवरून गाडी मागवायची सवय कामाला येत नाही. टॅक्सी स्टँडवरच्या गाड्या रात्री पांगलेल्या असतात. म्हणून बारमध्ये शिरण्याआधी परतीच्या टॅक्सीवाल्याचा नंबर घ्या, वेळ ठरवा, पैसे बोलून ठेवा. हॉटेल बाजारात असेल तर चालत जा, पण टोळक्याने आणि टॉर्च लावून. जंगल गावात घुसलेलं आहे. रात्री रस्त्यावर गवे उभे असतात. धुक्यात गवा दहा फुटांवर येईपर्यंत दिसत नाही आणि तो स्वतःहून बाजूला होत नाही. आरडाओरडा, मोबाइलचा फ्लॅश, जवळ जाऊन सेल्फी, यातलं काही करायचं नाही. थांबायचं आणि त्याला जाऊ द्यायचं.

गाडी चालवणार असाल तर त्या संध्याकाळी लिंबू सोडा. कायद्याची मर्यादा १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. एक स्ट्राँग बीअरही काहीजणांना या रेषेजवळ नेते. माइल्डमध्ये अल्कोहोल पाच टक्क्यांपर्यंत, स्ट्राँगमध्ये आठपर्यंत. पहिल्यांदा सापडलात तर १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा हेच आकडे १५,००० आणि दोन वर्षं. पण दंडाची भीती दुय्यम आहे. पसरणीत दिवसाढवळ्याही उतरताना ब्रेक तापतात. आंबेनळी घाटात एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. तापोळ्याचा रस्ता अरुंद, वळणावर समोरून जीप आली की कुणीतरी मागे घ्यायची असते. धुकं असेल तर शुद्धीत असलेला ड्रायव्हरही कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर नजर ठेवून जातो. ‘मी प्यायल्यावर जास्त सावकाश चालवतो’ असं म्हणणारा एक तरी जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. किल्ली त्याच्याकडून आधी काढून घ्या.

रविवारी दुपारी जेवताना दोन बीअर आणि मग पुण्याला सुटायचं, हा बेतही त्यातलाच. मुक्काम नसेल तर बार नको.

थंडीत रम घेतली की ऊब येते ना?

येते असं वाटतं. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम रक्त वर येतं, गाल तापतात. पण ती उष्णता बाहेर निघून जाते आणि शरीर आतून गार पडत जातं. वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत पहाटे दवबिंदू गोठून गवतावर पांढरा थर दिसतो, इतकी थंडी असते. रम घ्यायची तर चार भिंतींच्या आत घ्या आणि बाहेर शेकोटीपाशी चहा घ्या. कानटोपी बाजारात मिळते.

पावसाळ्यात यावं का?

पावसाची आवड असेल तर जरूर. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस इथे पडतो, त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. बोटिंग बंद, बरीच दुकानं आणि काही बार बंद, वीज ये-जा करणारी. पण जे परमिट रूम उघडे असतात त्यांत तेव्हा गावातलीच माणसं असतात, खिडकीबाहेर धुक्याशिवाय काही दिसत नाही आणि कांदाभजीची प्लेट दर पंधरा मिनिटांनी येते. महाबळेश्वरात बसावं तर ते जुलैत, असं माझं ठाम मत आहे. कपडे वाळणार नाहीत, तेवढी तयारी ठेवा.

स्ट्रॉबेरी वाइन खरंच मिळते का?

मिळते, फळांपासून वाइन करणारे राज्यात आहेत आणि चांगल्या वाईन शॉपमध्ये विचारलं तर बाटली दाखवतात. गोड असते. द्राक्षाच्या वाइनची सवय असलेल्याला ती सरबतासारखी वाटेल, आणि म्हणूनच जपून. सरबतासारखी भराभर जाते. मात्र बाजारात जॅमच्या दुकानात ‘स्ट्रॉबेरी वाइन’ असं काही दिसलं तर लेबल वाचा, बहुतेक वेळा ते बिनदारूचं पेय निघतं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फळाचा हंगाम साधारण डिसेंबर ते एप्रिल. ताजं फळ व्होडकात कुस्करून देणारे हॉटेलांतले बार या दिवसांत बरे, बाकी वर्षभर सिरपच असतं.

द्राक्षाची वाइन हवी असेल तर शेजारच्या सांगली जिल्ह्यात, पलूसला, कृष्णा व्हॅली वाइन पार्क सरकारने २००१ च्या धोरणानंतर उभं केलं. नाशिकइतकं नाव त्याला मिळालं नाही. २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवू द्यायचा निर्णय झाला तेव्हा साताऱ्यात वारकरी मंडळी रस्त्यावर उतरली होती, आणि तो निर्णय प्रत्यक्षात आला नाही. तेव्हा किराणा दुकानात शोधू नका.

चखणा काय घ्यावा?

बाजारातले भाजलेले चणे. महाबळेश्वरच्या चण्याला तोड नाही आणि पन्नास चवींत मिळतात; साधे खारे घ्या, बाकी चवी पहिल्या मुठीनंतर कंटाळवाण्या होतात. बारमध्ये मसाला पापड आणि शेंगदाणे मसाला सगळीकडे बरे. चिकन-मटणाची ऑर्डर बसल्याबसल्या देऊन टाका, साडेनऊनंतर किचन रेंगाळतं.

बायका-मुलींना बसता येतं का?

हो. बाजारातल्या बहुतेक ठिकाणी फॅमिली सेक्शन वेगळा असतो, वरच्या मजल्यावर किंवा पार्टिशनपलीकडे. आधी एकाने आत जाऊन बघून यावं, जागा नीट वाटली तर बाकीच्यांनी. नुसत्या मुलींचा ग्रुप असेल तर हॉटेलचा बार जास्त मोकळा वाटेल. बाजारात कुणी त्रास देईल असं नाही, पण नजरा वळतात, हे खोटं कशाला सांगू. लहान मुलं सोबत असतील तर जेवणाच्या हॉलमध्ये बसा.

महाबळेश्वरात बार आहेत, मग वाटेतल्या कितीतरी गावांत एकही कसा नाही?

दोन कारणं. एक रस्त्याचं: सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१६ च्या आदेशाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दारूची दुकानं एप्रिल २०१७ पासून बंद झाली, वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांना ही मर्यादा २२० मीटर. पुढे जुलैत नगरपालिकांच्या हद्दीला सूट मिळाली आणि शहरांतले बार पुन्हा उघडले, पण हद्दीबाहेरच्यांची पंचाईत राहिली.

दुसरं कारण बायकांचं, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. राज्यात गावच्या महिलांनी ठरावीक संख्येने अर्ज केला की प्रशासन दुकान चालू ठेवायचं की बंद यावर गुप्त मतदान घेतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रं. पुरेशी मतं आडव्या बाटलीला पडली की दुकानाला टाळं. या जिल्ह्यातही या चळवळीने बरीच वर्षं जोर धरला. पर्यटक म्हणून तुम्ही चार पेग घेऊन सोमवारी परत जाता; ज्या घरात रोजची मजुरी रोज दुकानात जाते, तिथल्या बाईने दिलेलं ते मत आहे. तेव्हा एखाद्या गावात ‘इथे जवळ काही मिळेल का?’ असं विचारल्यावर म्हातारीने तोंड फिरवलं तर राग मानू नका.

न पिणाऱ्याने बारमध्ये जाऊन करायचं काय?

ताजी लाइम सोडा, आणि जमलेल्या सगळ्यांच्या गोष्टी दुसऱ्या दिवशी जशाच्या तशा आठवणं. हंगामात मलबेरी किंवा स्ट्रॉबेरीचं क्रश सोड्यात मागा, उत्तम लागतं. बिल वाटून घेताना मात्र आधीच बोलून ठेवा.

उरलेली बाटली घरी नेता येते का?

महाराष्ट्रात घर असेल आणि परमिट असेल तर डिकीत ठेवून नेता येते. गुजरातच्या पाहुण्यांनी ती इथेच कुणाला तरी द्यावी. तिकडे दारूबंदी आहे आणि सीमेवर गाड्या तपासतात. गोव्याहून आंबेनळीमार्गे वर येणाऱ्यांचं उलट: ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ छापलेल्या बाटल्या महाराष्ट्रात आणणं हाच गुन्हा आहे, स्वस्त पडल्या म्हणून पेटी भरून आणू नका. आणि रिकाम्या बाटल्या हॉटेलातच ठेवा. रूम आवरणारा पोरगा त्या भंगारवाल्याला देतो, त्याला चार पैसे मिळतात.